जोडीतली दुसरी बॅटरी

त्याच्या स्कूटरच्या मागे पत्र्याची एक पाटी होती, ‘छोटी कामे करून मिळतील’. उन्हापावसानं पुढचे दोन शब्द उडाले आणि ‘छोटी कामे’ तेवढं राहिलं. हळूहळू तेच त्याचं नाव झालं. नव्या गिऱ्हाइकांना तर ते आडनावच वाटायचं. ‘‘छोटीकामे, आमच्या कपाटाचं दार लोंबतंय हो,’’ असा फोन यायचा आणि तो ‘‘आलोच’’ म्हणायचा. बिजागऱ्या, पडद्यांचे दांडे, डुगडुगणाऱ्या खुर्च्या, निखळलेले कप्पे. ज्या कामांसाठी मोठ्या मिस्त्रींना जिना चढायचा कंटाळा, ती सगळी याच्याकडे. वीस वर्षांत कुणाच्या घरी त्याच्या हातून काचेचा पेलासुद्धा फुटला नव्हता.

मंगळवारी तो पाळणाघरात गेला होता. खेळण्यांच्या कपाटाचं दार नीट लागत नव्हतं. काम पाव तासाचं. बॅटरीवरच्या स्क्रूड्रायव्हरनं त्यानं चार स्क्रू काढले, बिजागरी बदलली, चार स्क्रू लावले, मशीन पिशवीत टाकलं आणि पिशवी भिंतीशी ठेवली. पलीकडे सतरंजीवर अकरा मुलं झोपली होती. एकच मुलगी जागी होती, अंगठा चोखत त्याच्याकडे बघत पडली होती. तो दार उघडून-लावून पाहत असताना मागे फुस्स असा आवाज झाला, सायकलच्या चाकातली हवा जावी तसा. वळून बघतो तर पिशवीतून पांढरा धूर.

पिशवी उचलून तो धावला. अंगणाचं दार नशिबानं उघडं होतं. त्यानं जीव खाऊन पिशवी भिरकावली आणि ती जमिनीवर पडते न पडते तोच तिच्यातून जाळ निघाला. पाळणाघराच्या बाई बादल्या भरभरून ओतत राहिल्या. मशीन, त्याला लावायच्या बिटांचा डबा, हातानं फिरवायचे स्क्रूड्रायव्हर, मोजपट्टी, सगळ्याचा एक काळा गोळा झाला. मुलांना काही झालं नाही. बरीचशी तर जागीही झाली नाहीत.

‘‘तुम्ही होतात म्हणून वाचलो,’’ बाई म्हणाल्या. संध्याकाळी मुलांना न्यायला आलेल्या प्रत्येक आईबापाला त्यांनी छोटीकाम्यांनी कशी प्रसंगावधान राखून पिशवी बाहेर फेकली ते सांगितलं. एका आजोबांनी मुद्दाम फोन करून आभार मानले.

तो ‘‘हो, हो’’ म्हणत राहिला. त्याला एकट्यालाच ठाऊक होतं की कंपनीची बॅटरी बाद झाल्यावर चार महिन्यांपूर्वी त्यानं बाजारातल्या एका टपरीवरून निम्म्या किमतीत नकली बॅटरी आणली होती. विकणाराच हसत म्हणाला होता, ‘‘चालेल तोवर चालेल, साहेब.’’

पुढचे दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. डोळे मिटले की सतरंजी दिसायची. घरात काही चार्जिंगला लावलं की तो उठून त्याच्याजवळ जाऊन उभा राहायचा. बायको वैतागली. ‘‘अहो, फोन आहे तो, साप नाही,’’ ती म्हणाली. त्यानं फोनची वायर काढून ठेवली. त्याला तिलाही खरं सांगायचं होतं, पण तोंड उघडलं की तो दुसरंच काहीतरी बोलायचा.

गुरुवारी दुपारी मात्र हार्डवेअरच्या दुकानात जाणं भाग पडलं. हाताला मशीन नाही म्हणून सहा कामं अडकली होती.

दुकान एका काकूंचं होतं. साठी उलटलेली, चष्मा दोरीला बांधून गळ्यात, आणि कुठला स्क्रू कुठल्या खोक्यात हे अंधारातही सांगतील अशा. त्यांनी चार मशीनं काउंटरवर मांडली.

‘‘हा सरळ दांडीचा. हा मधे मोडतो, बघा, असा पिस्तुलासारखा होतो. हा तिसरा दमदार, बॅटरी खालून निघते, एक लावायची, एक चार्ज करायची. आणि हा सगळ्यात बारका, बॅटरी आतच बसवलेली. तुमच्या कामाला यातलं काहीही चालेल.’’

तो हात मागे बांधून उभा राहिला. ‘‘यातलं पेटत नाही ते कोणतं?’’

काकूंनी चष्मा चढवून त्याच्याकडे पाहिलं. ‘‘धंद्यात एवढी वर्षं झाली, हे कुणी विचारलं नव्हतं.’’

त्यांनी एक फळी ओढली. दुकानात दाखवायला ठेवलेल्या तिसऱ्या मशीननं तिच्यात एक स्क्रू घातला. ‘‘ही पुढची कडी फिरवली की जोर कमी-जास्त होतो. स्क्रू बसला की मशीन टकटक करून आपोआप सुटतं. भुशाच्या फळीतसुद्धा स्क्रूचे आटे घसरत नाहीत. धरून तरी बघा.’’ असं म्हणून त्यांनी ते त्याच्या हातात कोंबलंच.

मशीन गार होतं. अंगठा बटणावर होता, पण दाबवत नव्हता.

‘‘आधीच्याला काय झालं?’’ काकूंनी विचारलं.

‘‘बॅटरी गेली.’’

‘‘गेली म्हणजे?’’

‘‘पेटली.’’

‘‘कंपनीची होती?’’

तो फळीतल्या स्क्रूकडे बघत राहिला. दोन दिवस जे बायकोलाही सांगता आलं नव्हतं ते तिथं काउंटरपाशी त्याच्या तोंडून निघून गेलं. ‘‘नकली होती, काकू. टपरीवरची.’’

काकूंनी शिवी दिली नाही की उपदेश केला नाही. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि साधेपणानं विचारलं, ‘‘त्या मेल्या बॅटऱ्या पाकिटात जोडीनं येतात. दुसरी कुठाय?’’

त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला.

दुसरी ताईकडे होती.

तीन महिन्यांपूर्वी भावजी स्टुलावरून पडले आणि त्यांचा पाय प्लॅस्टरमध्ये गेला. पडल्या पडल्या माणूस कंटाळेल म्हणून त्यानं आपलं जुनं मशीन आणि जोडीतली दुसरी बॅटरी त्यांना नेऊन दिली होती. भावजी खूश. उरल्यासुरल्या फळ्यांचे पाट आणि छोटी स्टुलं करत बसायचे आणि वापरून झालं की बॅटरी चार्जरवर लावून ठेवायचे. चार्जर कुठं? बाहेरच्या खोलीत, ताईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर. आणि ताई उशा शिवायची. त्या खोलीत कापसाचे ढीग असे असत की पाहुण्याला बसायला जागा करून द्यावी लागे.

दोन दिवस त्याच्या डोक्यात ती अकरा मुलं होती. ताईचं टेबल एकदाही आलं नव्हतं.

त्यानं फोन लावला. ताईचा फोन वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. भावजींचा फोन बंद. दुपारी झोपताना ते तो बंदच करायचे. तो दुकानाबाहेर पळाला. स्कूटरच्या पुढ्यात फरशांनी भरलेला टेम्पो आडवा लागलेला, ड्रायव्हरचा पत्ता नाही. त्यानं स्कूटरचा नाद सोडला आणि धावत सुटला. मागून काकू ओरडत होत्या, ‘‘अहो, मशीन! माझं मशीन!’’ ते त्याला चौक ओलांडल्यावर कळलं. दाखवायचं मशीन त्याच्या मुठीतच होतं.

पन्नाशीच्या माणसानं पळावं तसा तो पळत होता, अर्धं पायांनी आणि अर्धं भीतीनं. भाजीबाजारातून वाट काढताना त्याचा धक्का लागून कुणाची तरी टोपली कलंडली. वळणावर त्याला समोरच्या छपरांवर धूर दिसला आणि तो जागच्या जागी थांबला. मग कळलं, बेकरीचं धुराडं आहे. तो ते गेली तीस वर्षं रोज बघत होता. त्या क्षणी त्याला वाटलं होतं, झालं, संपलं.

ताईची इमारत जशीच्या तशी उभी होती. खिडकीत पडदा हलत होता. तो थेट वर धावणार होता, पण हातांची इतक्या वर्षांची सवय त्याच्याही आधी जागी झाली. जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत त्यानं ताईच्या घराचा खटका शोधला आणि खाली पाडला. मग तीन मजले.

लाकडी दार वाऱ्यासाठी उघडं होतं, बाहेरचं जाळीचं दार कुलपानं बंद. त्यानं जाळीला तोंड लावून आत पाहिलं. कापूस होता, नेहमीपेक्षा जास्तच. टेबलावर चार्जर होता. चार्जरवर बॅटरी होती आणि ती बॅटरी पोट सुटल्यासारखी फुगली होती. प्लॅस्टिकची शिवण एका बाजूनं उकलली होती. जाळीतून गोडसर, नखांना लावायच्या रंगासारखा वास येत होता.

‘‘ताई!’’

‘‘कोण रे?’’ आतल्या खोलीतून भावजींचा झोपाळलेला आवाज आला. ‘‘ती कुलूप लावून बाहेर गेलीय, उशा पोचवायला. फोन इथंच विसरलीय. किती वेळ खणखणतोय! आणि हा पंखा का बंद पडला?’’

‘‘भावजी, बॅटरी कधीपासून लावलीय?’’

‘‘सकाळपासून. मेली पूर्ण भरतच नाही. जरा बाळसंही धरलंय तिनं.’’

‘‘हात लावू नका तिला! बाहेर येऊ नका!’’

‘‘कसला येतोय? पाय उशीवर ठेवून पडलोय मी. काय झालंय काय?’’

भावजी आतल्या खोलीत, बाहेर पडायची वाट या खोलीतून, आणि वाटेत कापूस. खिडक्यांना लोखंडी गज. हे गज त्यानंच बसवलेले होते.

जाळीचं दारही त्यानंच बसवलेलं. गेल्या वर्षी, एका दुपारी, घाईघाईनं. त्या घाईत बिजागऱ्यांच्या पट्ट्या बाहेरच्या बाजूनं आल्या होत्या आणि ‘पुढच्या वेळी बदलतो, ताई’ असं म्हणून तो निघून गेला होता. एखाद्या चोरानं नीट पाहिलं असतं तर त्याला कुलपाकडे बघायचीही गरज पडली नसती. दोन बिजागऱ्या, चौकटीत तीन-तीन स्क्रू, वर रंगाचा थर.

त्यानं मुठीतल्या मशीनचं तोंड पहिल्या स्क्रूवर टेकवलं. घाईत बिट खाचेतून निसटून रंगावर ओरखडा उमटला. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. बटण उलट्या बाजूला सरकवलं आणि दाबलं. टक टक टक. स्क्रू हलला नाही, मशीनच सुटलं. कडी! काकूंनी फळीसाठी जोर कमी ठेवला होता. त्यानं कडी शेवटपर्यंत फिरवली, किल्लीनं खाचेतला रंग खरवडला आणि अंगाचा सगळा भार देऊन पुन्हा दाबलं. रंग कडकन फुटला. स्क्रू फिरत बाहेर आला.

एक. दोन. तिसऱ्याच्या वेळी आतून चिर्र असा बारीक आवाज आला. ‘‘भावजी, खोलीचं दार ओढून घेता येईल?’’

‘‘काठीनं ढकलतो. पण सांगशील का...’’

‘‘ढकला!’’

दार आपटल्याचा आवाज आला. चौथा. पाचवा. सहाव्याचं डोकं घासून गुळगुळीत झालेलं. बिट नुसतीच गरगर फिरायला लागली. त्यानं मशीन पायरीवर ठेवलं, मोकळ्या झालेल्या बाजूत बोटं घातली आणि दार स्वतःकडे ओढलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा स्क्रू लाकडाचा तुकडा घेऊनच निघाला. कुलूप अजून कडीला तसंच लटकत होतं आणि दार उलट्या बाजूनं उघडलं होतं.

पाण्याची बादली भरावी की काय, असं एक क्षण वाटलं. पण पाळणाघरातला जाळ बाईंच्या सात बादल्यांना भीक घालत नव्हता, ते त्यानं पाहिलं होतं. तो स्वयंपाकघरात गेला. लोखंडी कढई, सांडशी. टेबलाजवळ येताना पायांना कापूस चिकटत होता. चेहऱ्यावर त्याला धग जाणवली, की भास झाला, ते त्याला कधीच नक्की सांगता आलं नाही. भिंतीतून वायर काढली. सांडशीनं चार्जर धरला, बॅटरीसकट उचलला आणि श्वास रोखून कढईत ठेवला. कढईचे दोन कान धरून, हात लांब करून, तो जिना उतरायला लागला.

पहिल्या मजल्यावर एक शेजारीणबाई वर येत होत्या. ‘‘अगंबाई, आज काय तळलंत?’’

‘‘बाजूला व्हा! भिंतीला टेका!’’

त्याचा चेहरा बघून त्या भिंतीला अशा टेकल्या की जणू तिच्यातच रंगवल्या आहेत.

अंगणाच्या मधोमध, गाड्यांपासून दूर, सिमेंटवर त्यानं कढई ठेवली आणि मागे सरला. काहीच झालं नाही. नुसती कढई होती, त्यात एक फुगलेला डबा. तिसऱ्या मजल्याच्या दाराचं आपण वाटोळं केलं आणि उगाच केलं, असं त्याला वाटायला लागलं. चार-पाच माणसं गॅलरीत येऊन बघत होती. कुणीतरी हसलं.

मग तोच आवाज आला, फुस्स. आधी पांढरा धूर, मग माणसाच्या उंचीचा जाळ, सरळ वर, शिट्टीसारखा आवाज करत. गॅलरीतलं हसू थांबलं. जाळ मिनिटभर होता. त्याला वाटलं, संपायचाच नाही.

तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला आणि मग त्याला उठताच येईना. भीती धावताना होती त्यापेक्षा आता जास्त होती, कारण आता तिला करायला काही काम उरलं नव्हतं.

फाटकातून ताई आली. हातात रिकाम्या पिशव्या. ‘‘काय झालं रे? कुणाची कढई ती? माझी?’’

‘‘ताई, मी दिलेली बॅटरी. नकली होती. मला ठाऊक होतं नकली आहे ते.’’ आणि मग त्यानं पाळणाघराचंही सांगितलं, मुलांचं, आभारांचं, सगळं.

ताईनं कढईकडे पाहिलं. मग वर आपल्या खिडकीकडे पाहिलं. तिच्या केसांत कापसाचा पुंजका अडकला होता.

‘‘आत तुझे भावजी होते,’’ ती म्हणाली.

‘‘हो.’’

‘‘पटकन उठता येत नाही त्यांना.’’

‘‘हो, ताई.’’

तिनं रिकाम्या पिशव्यांनी त्याच्या पाठीत एक फटका मारला, मग आणखी एक, आणि मग त्याच्या शर्टाची पाठ मुठीत घट्ट धरून तिथंच त्याच्या शेजारी बसली. वरून भावजींचा आवाज आला, ‘‘अरे, कुणी सांगेल का मला? माझ्या घराचं दार कुठं गेलं?’’

बिजागऱ्या त्यानं त्याच संध्याकाळी बसवल्या, या वेळी आतल्या बाजूनं. मग तो काकूंच्या दुकानात गेला. काकू चोरीची तक्रार करायला निघण्याच्या बेतात होत्या. सगळं ऐकून त्यांनी मशीन उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘मग हेच घ्या. कामाला आलेलं आहे.’’

त्याचंही मन तिथंच ओढत होतं. चांगलं मशीन होतं. रंगानं जाम झालेले पाच स्क्रू त्यानं काढले होते. पण त्यानं त्याच्या खालची बॅटरी काढून पाहिली, पुन्हा लावून पाहिली, आणि बाजूला ठेवलं. बोट सगळ्यात बारक्या मशीनकडे दाखवलं. बॅटरी आतच असलेल्या.

‘‘त्यात दम कमी आहे,’’ काकू म्हणाल्या. ‘‘आणि बॅटरी मेली की मशीनच टाकून द्यावं लागेल.’’

‘‘टाकीन. त्यात दुसरी कुठली बॅटरी घालताच येत नाही ना?’’

‘‘नाही येत.’’

‘‘मग तेच द्या. मशीनवर माझा भरवसा आहे, काकू. माझ्यावर नाही.’’

शुक्रवारी सकाळी तो पाळणाघरात गेला. पाळणाघराच्या बाई त्याला बघून हसल्या, चहा विचारला. त्यानं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बोलताना तो भिंतीवर चिकटवलेल्या कागदी माशांकडे बघत होता. बाईंच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.

बाईंनी हातातली खेळणी कपाटात ठेवली. मग म्हणाल्या, ‘‘मी तीन दिवस तुमचं कौतुक सांगत फिरतेय.’’

‘‘हो.’’

‘‘आता हे मी सांगणार नाही. संध्याकाळी पाच वाजता फाटकाशी उभे राहा आणि तुम्हीच सांगा. प्रत्येकाला.’’

तो पावणेपाचलाच जाऊन उभा राहिला. पहिली आई येताना दिसली तेव्हा तो एक पाऊल मागे सरला. इतकी भीती त्याला त्या जाळीच्या दारापाशीही वाटली नव्हती. तिथं निदान हातांना काम होतं. तो बोलला. ती ऐकून घेऊन आत गेली, मुलाला कडेवर घेतलं आणि सोमवारपासून तो मुलगा पाळणाघरात आला नाही. एका बापानं आवाज चढवला. आभार मानणाऱ्या आजोबांनी मान हलवली आणि तोंड फिरवून निघून गेले. अंगठा चोखणाऱ्या मुलीचा बाप तेवढा थांबला. त्याच्या घरी अशीच एक स्वस्तातली बॅटरी होती, खेळण्यातल्या गाडीची, आणि ती जरा फुगल्यासारखी दिसते असं त्याच्या बायकोचं म्हणणं होतं.

‘‘येऊन बघाल का?’’ त्यानं विचारलं.

‘‘आता लावून ठेवलीय का चार्जिंगला?’’

‘‘असेल. माहीत नाही.’’

‘‘घरी फोन करा,’’ छोटीकामे म्हणाला. ‘‘खटका बंद करायला सांगा. आणि तुमची गाडी काढा, मी मागे बसतो.’’